कंडक्टरकाकांचे अकरा रुमाल

या पृथ्वीवर जे जे म्हणून हलतं, ते आमच्या कंडक्टरकाकांनी डबल बेल दिल्याशिवाय हलत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. एसटीचं तर सोडाच. लग्नाची वरात, शाळेची प्रभातफेरी, गल्लीत अडकलेला सोयाबीनचा ट्रॅक्टर, आणि एकदा तर हदगावच्या बाजारातून निघालेली अंत्ययात्राही त्यांनी मागून दोन टाळ्या वाजवून मार्गी लावली होती. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली, पण घरी आलेला पाहुणा जायला उठला की काका दारात आडवे उभे राहतात, बाहेरच्या चपलांचे जोड मोजतात, "राहिलं का कुणी?" असं आत तोंड करून ओरडतात आणि मगच वाट मोकळी करतात. अशा माणसाला त्यांच्या लेकीनं, लातूरच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्या ताईनं, चार दिवसांच्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. आणि जगात एवढी जहाजं असताना ते जहाज नेमकं माझंच निघालं. माझं म्हणजे, मी कामाला आहे ते.

काका माझे नात्यानं कुणी नाहीत. घरं समोरासमोर, विहार एक, पाण्याचा नळ एक, एवढंच. पण माझ्यावर त्यांचे उपकार इतके आहेत की ते मोजायलासुद्धा तेच लागतील. नववीत मी किनवटच्या वसतिगृहातून पळालो. गणित माझ्या मागं लागलं होतं आणि मी एसटीच्या मागच्या सीटखाली लपलो होतो. गाडी नांदेडकडे निघाली. काकांना डोकी मोजायची सवय. एकदा मोजली, पुन्हा मोजली, मग वाकून सीटखाली बघितलं. "ही चाळीस माणसांची गाडी. मंग हे एकेचाळिसावं काय हाय?" मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी मला ओढून काढलं, स्वतःच्या सीटवर शेजारी बसवलं आणि हातात एक लिंबू दिलं. काकांच्या खाकी शर्टाच्या खिशात लिंबू कायम असायचं. घाटात कुणाला मळमळलं की ते पुढं करत, "हुंग. खाऊ नगं, हुंग." नांदेडला उतरल्यावर त्यांनी मला वसतिगृहात परत धाडलं नाही. बसस्टँडसमोरच्या इस्त्रीच्या दुकानात नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "चाचा, ह्याला वह्या जमंनात. कपड्याचं बगा." आणि संध्याकाळच्या गाडीनं हदगावला जाऊन माझ्या आईची बोलणीही त्यांनीच खाल्ली.

चाचा म्हणजे म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, कोळशाच्या इस्त्रीशी प्रेमानं बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला शर्ट शिकवला, साडी शिकवली, आणि सगळ्यात शेवटी रुमाल. ही रुमालाची घडी त्यांची स्वतःची. दुकान बसस्टँडसमोर, गिऱ्हाइकं सगळी गाडी पकडायच्या घाईची. एसटीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल फेकावा लागतो, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. पण साधा रुमाल वाऱ्यानं उलगडतो आणि भलत्याच सीटवर पडतो. म्हणून चाचांनी घडी काढली होती: तीन पदर, त्यावर आडवी मोड, आणि टोक आत खोचलेलं, पानाच्या विड्यासारखं. कितीही लांबून फेका, दगडासारखा जाऊन पडतो आणि सुटत नाही. "बेटा, ये रुमाल नहीं, रिझर्वेशन है," असं ते म्हणायचे. चाचा आता नाहीत. ती घडी माझ्या हातात राहिली.

त्याच हातांच्या जोरावर मी नांदेडहून पुण्याच्या हॉटेलात आणि तिथून या जहाजावर आलो. जहाजाच्या तळाशी लाँड्री आहे. तिथं खिडकी नाही. समुद्र आमच्या डोक्याच्या वर असतो आणि वाफ डोक्याच्या खाली. मला याची लाज अशी नव्हती, पण पहिल्याच फोनवर आईनं विचारलं, "काय काम हाय रं तिथं?" आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की शेजारी चार बायका कान लावून बसल्यात. माझ्या तोंडून निघून गेलं, "हापिसर हाय." वरच्या मजल्यावर प्रवाशांना फोटो काढायला कप्तानाची एक टोपी ठेवलेली असते. एकदा बंदरात जहाज रिकामं असताना मी ती घातली आणि फोटो घरी पाठवला. आईनं तो मोठा करून, चौकट करून, बाबासाहेबांच्या तसबिरीपासून आदबीनं दोन हात अंतर सोडून भिंतीवर लावला. शाळा अर्धवट टाकलेल्या पोराची आई म्हणून तिनं वर्षानुवर्षं जे ऐकून घेतलं होतं, त्याला त्या चौकटीनं उत्तर दिलं होतं. आता ते उत्तर खोटं निघणार होतं. कारण आईचा फोन आला: "तुजे काका येऊन राहिले जहाजावर. शेंगाची चटणी देते त्यांच्यापाशी. त्यांना तुजं हापिस दाखव." मी म्हणालो, "आई, हापिसरला लई काम अस्तंय. भेट व्हईल का न्हाई, सांगता येत न्हाई." आणि ठरवलं, चार दिवस तळघराबाहेर तोंड काढायचं नाही. तसंही आम्हाला विचारल्याशिवाय वर जायची मुभा नव्हतीच.

पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्यानं काय अपेक्षा ठेवावी, याची एक रंगीत पुस्तिका आधीच घरी येते. तीत सूर्यास्त, पोहण्याचा तलाव, नाचगाणी वगैरे असतं. काकांनी ती चष्मा लावून वाचली आणि आपल्या घरच्या अकरा जणांची बैठक घेऊन दुरुस्ती करून सांगितली. ती ताईनं मला पुढं फोनवर जशीच्या तशी ऐकवली. खोली मधल्या भागात घ्यायची, मागच्या चाकावर दणके बसतात. हात, डोकं खिडकीबाहेर काढायचं न्हाई. गाडी पुरी थांबल्याबिगर उतरायचं न्हाई. हा शेवटचा नियम समुद्रात किती मोलाचा आहे, हे त्या पुस्तिका छापणाऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जहाज दुपारी चारला सुटणार होतं, काका सगळ्यांना घेऊन सकाळी आठला बंदरावर हजर झाले आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारू लागले, "गाडी फलाटाला कवा लागती?"

तपासणीत त्यांच्या पिशवीतून तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच निघाला. भंगारबाजारात शोधून आणलेला, खास. सुरक्षावाल्यांनी तो काढून घेतला आणि उतरताना परत देऊ म्हणून चिठ्ठी दिली. काका ताईला म्हणाले, "बग, ड्युटीवर न्हाई म्हणून हत्यार जमा केलं." मग आत पाय ठेवताच, सामान नाही, खोली नाही, समुद्र तर नाहीच नाही, ते थेट वरच्या डेकवर गेले आणि काकूंनी हिरव्या दोऱ्यानं कोपऱ्यात पोपट काढलेले अकरा पांढरे रुमाल अकरा आरामखुर्च्यांवर टाकून मोकळे झाले.

हे मला डेकवरच्या जोसेफनं सांगितलं. जोसेफ केरळचा, माझ्याच खोलीत राहणारा. खुर्च्या मांडणं आणि पुसणं हे त्याचं काम. "ऊपर एक अंकल है," तो हसत खाली आला. "एक साहब कुर्सी पे बैठ गया, तो अंकल बोलता है, रुमाल दिखता नहीं क्या? वो बोला, कुर्सी सबकी है. अंकल बोला, तो हवा भी सबकी है, खडे होके खाओ." आता जहाजाचा नियम असा की खुर्चीवर माणसाविना पडलेलं कापड उचलायचं आणि लाँड्रीत टाकायचं. जोसेफनं नियमाप्रमाणे ते अकरा पोपट माझ्यासमोर टेबलावर ओतले. मी ते बघताक्षणी ओळखले. काकू ते पोपट काढताना मी त्यांच्या ओसरीवर बसून दोरा ओवून दिलेला होता. प्रत्येक पोपट थोडा तिरळा. मी रुमाल धुतले, कडक इस्त्री केली, घड्या घालून वर धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खुर्च्यांवर, दुपारी पुन्हा माझ्यासमोर.

जोसेफ रोज नवी बातमी आणायचा आणि मी इस्त्री धरून हसायचो आणि घाबरायचो, दोन्ही एकदमच. सुटण्याआधी आणीबाणीची तालीम असते. सगळ्यांनी केशरी जाकिटं घालून ठरल्या जागी जमायचं. लोक कंटाळलेले, दारात घोळका करून उभे. काका मागून गरजले, "पुढं सरका! मधी लई जागा हाय! बाई, पिशवी मांडीवर घ्या!" आणि मुंबईची, गुजरातची, कुठकुठली दोनशे माणसं मुकाट्यानं पुढं सरकली. शिकवायला आलेला अधिकारी म्हणे वहीत खूण करायचंच विसरला. तालीम संपल्यावर काकांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "समदं झ्याक हाय तुमचं. पर घंटीची दोरी कुठंय?"

जेवणाचं तर विचारूच नका. जहाजावर सकाळपासून जेवण मांडलेलं असतं, कितीही वेळ बसा. पण काकांच्या हिशेबी गाडी ढाब्यावर वीस मिनिटंच थांबते. विसाव्या मिनिटाला ते टाळी वाजवायचे, "चला, गाडी सुटती!" आणि अकरा माणसं तोंडात घास धरून उठायची. पहिल्या तीन जेवणांत घरातल्या कुणालाही गोड पदार्थापर्यंत पोचता आलं नाही. चौथ्या जेवणाला काकूंनी बंड केलं आणि आधी आइस्क्रीम, मग भात, असं उलटं जेवल्या. "तुमी व्हा म्होरं," त्या म्हणाल्या, "मी मागच्या गाडीनं येते."

पण जहाजभर नाव झालं ते गोव्याला. तिथं धक्क्याला लागताना जहाज मागं घ्यावं लागतं. सगळे प्रवासी गोवा बघायला पुढच्या बाजूला. काका एकटे मागच्या कठड्याशी. मागं जाणारं वाहन आणि मागं उभा नसलेला कंडक्टर, हे त्यांना बघवेना. त्यांनी कठड्यावर थापा मारायला सुरुवात केली. "येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या! जरा डावीकडं! येऊ द्या... बास!" आणि दोन थापा. जोसेफ शपथेवर सांगतो, जहाज त्याच क्षणाला थांबलं. कप्तान दहा मजले वर, त्याला यातलं काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. काकांनी मात्र रुमालानं तोंड पुसलं आणि भोवती जमलेल्यांना म्हणाले, "ड्रायव्हर तयार हाय. कान चांगले हाईत त्याचे."

त्याच दुपारी रुमाल आले तेव्हा ते दहाच होते, आणि एक गाठोडं. अकराव्या रुमालाला गाठ मारलेली. मी सोडली. आत प्लास्टिकच्या पिशवीत शेंगाची चटणी, लसणाचा वास अख्ख्या लाँड्रीत, आणि पुस्तिकेचा फाडलेला कोपरा. त्यावर काकांचं वळणदार अक्षर: "गौत्या, तुझ्या आईनं दिलीय. घडी मोडली न्हाई अजून. उतरताना दिसावास."

मी कपड्यांच्या ढिगावर बसलो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस जपून लपलो, फोन घेतला नाही, जिना चढलो नाही; आणि पहिल्या दिवशीच अकरा रुमाल चाचांच्या घडीत घालून स्वतःच्या हातानं वर पाठवले. हाताला सवय, डोक्याला कुणी विचारलंच नाही. आणि चाचा गेल्यावर ही घडी घालणारा जगात दुसरा माणूस नव्हता, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांची खाकी वर्दी तिथंच तर इस्त्रीला यायची. म्हणजे हापिसर लाँड्रीत आहे, हे त्यांना दोन दिवसांपासून माहीत होतं. आता हदगावात कळणार. त्या चार बायकांना कळणार. आई ती चौकट उतरवताना कशी दिसेल, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी चटणी खाल्ली, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात दुसरंही थोडं मिसळून घेतलं.

शेवटच्या सकाळी मी आमच्या गोव्याच्या सुपरवायझर बाईंकडे दहा मिनिटं मागितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कारण न विचारता पंधरा दिली. मी होतो तसाच वर गेलो. करडा सदरा, पाठ घामानं चिकटलेली, बाहीवर स्टार्च. उतरायच्या दाराशी काका उभे होते. जमा केलेला पंच नुकताच परत मिळाला होता आणि एकेकाच्या खांद्याला तो टेकवून मोजणी चालली होती. काकू दहाव्या, ताई अकरावी.

"अकरा," ताई म्हणाली. "झालं आप्पा, चला."

काकांनी हात लांब केला आणि पंच माझ्या खांद्याला टेकवला. "बारा."

"आप्पा, आपण अकराच आलो होतो."

"आलो अकरा. गाडीत बारा हाईत. ह्यो आदीच बसलेला हाय."

तेवढ्यात काकूंनी मला ओळखलं. "अगं बया, गौत्या! केवढा वाळलास रं! आन कपडे कामून भिजले? टोपी कुठंय तुजी?"

मागं रांग खोळंबलेली. काका पंच पिशवीत टाकत अगदी शांतपणे म्हणाले, "टोपी इस्त्रीला गेलीय त्याची. तू हो म्होरं, पायरी बग."

सगळे पुढं गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मी म्हणालो, "काका, आईला..."

"काय सांगायचं ते तू सांग. दुसऱ्याचं तिकीट म्या फाडत न्हाई." मग खिशातून लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं आणि आवाज उतरवला. काकांचा आवाज उतरलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "हे लिंबू कुणासाठी असायचं, ठाव हाय का?"

"पॅसेंजरसाठी."

"माज्यासाठी. बत्तीस वर्षं गाडी लागून राहिली मला. रोज. घाट आला का पोटात ढवळायचं. पॅसेंजरच्या नाकाला लावायचो आन हळूच म्या हुंगायचो. डेपोत कुणाला म्हाईत न्हाई. तुज्या काकूला बी न्हाई." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "कंडक्टरला गाडी लागती म्हणलं तर लोक बसत्याल का गाडीत? मंग म्या काय खोटा कंडक्टर व्हतो?"

मी मान हलवली. न्हाई म्हणून.

"तुजी इस्त्री बगितली म्या चार दिवस. चाचा असते तर चहा पाजला असता तुला." आणि मग एकदम मूळच्या आवाजात, धक्क्यावरच्या हमालांनी वळून बघावं असं, "चला, उतरा उतरा!" म्हणत ते स्वतःच उतरून गेले. खाली पोचल्यावर त्यांनी जहाजाच्या लोखंडाला दोन थापा मारल्या. कुठं जायला सांगितलं होतं जहाजाला, कोण जाणे.

पुढच्या रविवारी मी आईला फोन लावला. आधी तिला म्हणालो, शेजारणींना वाटंला लाव. मग सांगून टाकलं. की मी हापिसर न्हाई, कपडे धुतो, इस्त्री करतो, जहाजाच्या तळाला. पलीकडं अंगणातल्या नळाचा आवाज येत होता.

"तरीच," आई म्हणाली. "टोपी मोठी वाटत व्हती मला. कानावर आलीय."

"फोटो काढून ठेव आई."

"कामून? तोंड तर तुजंच हाय ना त्यात?" मग नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि तिचा नेहमीचा तक्रारीचा सूर परत आला. "तू आदी तुज्या काकाला समजावून सांग. आल्यापासून आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवलाय त्यानं, दारातल्या. कुणाला बसू देईना. काल तुजा मामा आला तर त्याला बाजंवर बसवला. कुणाची जागा धरलीय म्हणलं, तर म्हणतो, एक पॅसेंजर वाटंत हाय."

लिंबू माझ्या इस्त्रीच्या टेबलावर आहे. वाळून सुपारीएवढं झालंय, वास केव्हाच गेला. माझा करार संपायला अजून चार महिने आहेत. जहाज सुटताना तळाशी एक हादरा बसतो, तेवढ्यापुरतं मी ते हातात धरतो. मला काही मळमळत वगैरे नाही.

"धूळ बसून राहिली त्या रुमालावर," त्या रविवारी फोनवर आई पुढं सांगत होती. "धुवावा म्हणलं, तर घडीच सुटंना मला. तुजीच घडी हाय म्हणतो तुजा काका. कशी घातलीस रं?"

"राहू दे आई," मी म्हणालो. "मी येऊन सोडतो."